पलंग बाहेर काढला तो रविवार

रविवार, २१ मे १९७२. नगर, कापड बाजाराच्या मागची गल्ली. हजर: मी, आमचे हे, सासरे म्हणजे आबा, समोरच्या काकू आणि दोन हमाल. दुपारनंतर सोनईहून नणंद आणि तिची थोरली जाऊ. न बोलावता हजर: निम्मी गल्ली.

मला याद्या करायची सवय आहे. शाळेच्या कचेरीत काम करता करता ती लागली आणि घरीही आली. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून मी त्यावर लिहिते आणि काम झालं की रेघ मारते. त्या महिन्यातली यादी मोठी होती. घरमालकांना आमच्या तीन खोल्या महिनाअखेर रिकाम्या हव्या होत्या आणि आम्ही केडगावला दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. तीन खोल्यांचा संसार दोन खोल्यांत कसा बसणार, तर बसणार नाही. मी टेप घेऊन केडगावला गेले, भिंती मोजल्या, घरी येऊन सामान मोजलं, आणि ज्या वस्तू जाणार नाहीत त्यांची वेगळी यादी केली. धान्याची लोखंडी कोठी, तांब्याचा बंब, भिंतीएवढं लाकडी कपाट आणि सासूबाईंचा शिसवी पलंग.

आजकालच्या मुलींना वाटेल, त्यात काय, विकून टाकायचं. त्या वर्षी विकायला काढलेल्या सामानाचा शहरात पूर आला होता. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने हात आखडला होता. मी जुन्या बाजारात चौकशीला गेले आणि तिथेच उभी राहिले. खेड्यांतून माणसं येत होती आणि खाटा, हंडे, पाळणे, कपाटं रस्त्यावर मांडून बसली होती. एका बाईने तर दाराची चौकट आणली होती. घर होतं तिथून काढून आणली होती. घेणारं कोणी नव्हतं. मी भाव न विचारताच परत फिरले.

तरी कोठी शाळेच्या वसतिगृहात गेली, बंब माझ्या भावाकडे गेला आणि कपाट एका शिंप्याने नेलं. राहिला पलंग.

पलंग बघायला माणसं आली नाहीत असं नाही. यायची, शिसवाला नखाने टोकरून बघायची, उशाशी कोरलेल्या मोरांवरून हात फिरवायची, आणि मग दारापर्यंत जाऊन सहज आठवल्यासारखं विचारायची, "यावर कोणी गेलं तर नाही ना?"

सासूबाई याच पलंगावर गेल्या होत्या. खोटं बोलायची मला सवय नाही. मी "हो" म्हणायचे आणि माणूस जिना नसलेल्या घरातूनही जिना उतरल्यासारखा घाईने जायचा. काकू म्हणायच्या, "अगं, नाही म्हण की! पलंग काही साक्ष द्यायला येत नाही."

"आणि पुढे कळलं तर?"

"पुढे त्यांच्यातलंही कोणी त्यावर गेलं की कळायचं काय राहिलं?"

शेवटी एक सुतार तयार झाला. तो पलंग मोडून त्याच्या चौकटी करणार होता. लाकूड म्हणून घ्यायला त्याची हरकत नव्हती. रविवारी सकाळी हातगाडी घेऊन येतो म्हणाला.

पण खरी अडचण पलंगाची नव्हती. आबांची होती. आबा घर सोडायला तयार नव्हते.

"पोर येऊन जाऊ दे," एवढंच ते म्हणायचे. "तिचं माहेर हे हाय. ती यिऊन जाऊ दे, मग हलू."

पोर म्हणजे माझी नणंद. सोनईला दिलेली. त्याच्या तीन वर्षं आधी तिचा धाकटा मुलगा तापाने गेला. चार वर्षांचा होता. आम्ही सगळे गेलो, लांबची माणसं गेली, आबा गेले नाहीत. का गेले नाहीत ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आमच्याकडे लेकीच्या घरी असं काही झालं आणि बाप भेटायला गेला नाही, तर ते नातं जागच्या जागी थांबतं. भांडण होत नाही. कोणी कोणाला बोलत नाही. येणं-जाणं बंद होतं, इतकंच. वन्संनी त्यानंतर या घरात पाऊल टाकलं नव्हतं. दिवाळी नाही, पंचमी नाही. घर सोडतोय म्हणून मी दोन कार्डं टाकली, उत्तर आलं नाही. आणि आबा रोज पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर येऊन बसत. पोस्टमन पुढे गेला की आत जात.

यांनी त्यांना समजावलं, मी समजावलं, घरमालक येऊन गेले. म्हातारा हलेना. ती न येताच घर सुटलं तर ती पुन्हा कधी येणार नाही, अशी त्यांची खात्री होती. मलाही तसंच वाटत होतं, पण मी बोलत नव्हते.

रविवारी सकाळी हमाल आले. पलंग आतल्या खोलीत कधीकाळी जोडला असणार, कारण तो दारातून आडवा जाईना, उभा जाईना. पाचरी ठोकून सैल केल्या, तरी दोन पाय निघाले नाहीत. एकाने खालून धरला, दुसऱ्याने वरून, यांनी मधून उगीच हात लावला. "साहेब, तुम्ही बाजूला व्हा, तुमच्यानं अडतंय," असं हमाल म्हणाला तेव्हा हे बाजूला झाले आणि पलंग निघाला.

गल्लीत भिंतीला लागून तो उलटा ठेवला, राहिलेले पाय वर करून. ते सुताराने काढायचे होते. त्याच फेरीत मी टाकायच्या बाकीच्या वस्तू बाहेर काढायला सांगितल्या. आबांची कापूस गोळा झालेली गादी, उशी, काड्या मोडलेली छत्री, झिजलेल्या वहाणा आणि जुनं धोतर. हमालांनी गादी गुंडाळून उलट्या पलंगावर ठेवली, तिच्यावर छत्री आणि धोतर, खाली वहाणा. मी यादीवर रेघा मारल्या.

सुतार आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले, ऊन गल्लीत उतरलं. हमाल जेवायला गेले. मी हातगाडीची वाट बघत स्वयंपाकघरातली भांडी पोत्यात भरत बसले. हे केडगावला विजेच्या माणसाला भेटायला गेले.

दुपारी मी दोनदा बाहेर डोकावले तेव्हा मला थोडं वेगळं वाटलं होतं. कोपऱ्यावरचा पानवाला माझ्याकडे बघून उभा राहिला. शेजारच्या घरातला रेडिओ बंद होता. रविवारी दुपारी तो कधी बंद नसायचा. पलीकडच्या मास्तरांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मी म्हटलं, घर सोडतोय म्हणून असेल. मी पण हात जोडले.

आबा आतल्या खोलीत झोपले होते. पलंग गेल्यामुळे ते फरशीवर आडवे झाले होते, सतरंजीसुद्धा न घेता. "शहाबादी गार लागती," म्हणाले. उन्हाची काहिली होत होती म्हणून पांढरा पंचा ओला करून डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतला होता. उन्हाळ्यात ते नेहमी असेच झोपायचे. पण नेहमी पलंगावर झोपायचे.

चारच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी आवाज उठला. बाईच्या रडण्याचा असा आवाज मी आमच्या गावाकडे ऐकला होता, शहरात कधी नाही. मला वाटलं, कोणाकडे तरी झालं वाटतं. मी पदर खोचून ओट्यावर आले. बघते तर वन्सं. डोक्यावरचा पदर सुटलेला, पायात काही नाही, उन्हाने तापलेल्या दगडांवरून धावत येत होत्या. मागून त्यांची थोरली जाऊ पिशवी सांभाळत येत होती. वन्संनी उलटा पलंग बघितला, त्याच्यावरची गादी आणि वहाणा बघितल्या, आणि तिथेच कपाळावर हात मारून घेतला. मी "वन्सं" म्हणेपर्यंत त्या मला ओलांडून आत गेल्या होत्या.

मी मागे धावले. माझ्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं. आतल्या दारात पोचले तेव्हा त्या आबांच्या पायांवर पडल्या होत्या.

"अवं आबा, उठा वो! मी आले, बगा की! आता कुनाच्या दारात येऊ वो मी?"

आता मला समजलं. सांगायला हवं होतं, एका शब्दाचं काम होतं, पण त्या थांबल्याच नाहीत आणि पुढचं ऐकून मी दारातच राहिले.

"माजं लेकरू गेलं तवा तुमी आला न्हाई वो! समदा गाव आला. ज्यांच्याशी बोलनं न्हाई ती बी आली. मी दाराकडं तोंड करून बसायची वो, माजा बाप येनार म्हनून. त्यानला म्हनायची, आबा आल्याबिगर मी तोंडात घास घ्यायची न्हाई. घास घ्यावा लागला वो आबा, तुमी आला न्हाई!"

जाऊ दारात येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. तिनेही पदर तोंडाला लावला.

"आन् मी म्हनले वो! चुलीम्होरं बसून म्हनले, माजं लेकरू गेलं त्यापरीस ह्यो म्हातारा का न्हाई गेला! रोज म्हनले! तेच लागलं वो तुमाला! माज्या तोंडानं मारलं मी तुमाला!"

जाऊने माझा दंड घट्ट धरला. असं कोणी बोलत नाही. रडताना बायका गेलेल्या माणसाला बोल लावतात, मला टाकून कसा गेलास म्हणतात, पण हे नाही. मी आबांकडे बघितलं. ओला पंचा श्वासाबरोबर किंचित वर-खाली होत होता. झोपलेल्या माणसाचा श्वास लांब असतो. हा तसा नव्हता. आबा जागे होते.

ते जागे होते आणि उठत नव्हते. मी आयुष्यात बरंच काही बघितलं आहे, पण असं पुन्हा बघितलं नाही. सत्तर ओलांडलेला माणूस पंच्याखाली निपचित पडून आपल्या लेकीने आपलं मरण कसं मागितलं ते ऐकत होता, आणि तिला पुरतं बोलू देत होता.

वन्सं दमल्या. डोकं आबांच्या पायांवर टेकून नुसत्या हुंदके देत राहिल्या. तेव्हा पंच्यातून एक हात बाहेर आला. चाचपडत पुढे आला आणि त्यांच्या केसांवर टेकला.

वन्सं किंचाळल्या. जाऊ किंचाळली. मी जागच्या जागी बसले. बाहेर ओट्यावर जमलेल्या बायकांमधली एक पळाली, तिचा पाय दारातल्या पोत्यात अडकला आणि सगळी पितळी भांडी गडगडत गल्लीत गेली.

आबा उठून बसले. डोळे लाल होते.

वन्सं भिंतीला पाठ लावून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी... जित्ते हाय?"

"हाय."

"कवापासनं जागे हाय?"

"तू आली तवापासनं."

मग त्यांचा संताप झाला. तशा संतापलेल्या त्यांना मी आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. "मंग उठला का न्हाई? येवढं बोलले मी, नगं ते बोलले, उठला का न्हाई तुमी?"

"तू बोलत होतीस. मदे कसं उठायचं?"

"आवो!"

"मी उटून बसलो आसतो तर बोलली आसतीस का?"

वन्संनी मान हलवली. नाही.

"मंग," आबा म्हणाले आणि पंच्याने तोंड पुसलं.

उलगडा जाऊने केला. वन्संच्या भावकीतले एक गृहस्थ सकाळी लग्नाचा बस्ता घ्यायला कापड बाजारात आले होते. अधिक महिना नुकताच सरला होता आणि लग्नांची घाई उडाली होती. ते आमच्या गल्लीतून स्टँडकडे निघाले, दारात उलटा पलंग, गादी, छत्री, वहाणा बघितल्या, मयत झाल्यावर काढून टाकतात तशा, आणि आबा गेले असं समजले.

"मग आत येऊन विचारायचं नाही का?" मी म्हटलं.

"कसं इचारतील?" जाऊला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "काखंत नवरीचा शालू! हळदीच्या घरचं कापड घिऊन मयताच्या दारात उबं ऱ्हायचं व्हय? त्ये त्वांड फिरवून पळाले, ते गाडीतच बसले."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मीसुद्धा गेले नसते.

मग मला गल्लीचं आठवलं. काकूंना विचारलं. काकू खाली मान घालून म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तुम्ही माणसांची वाट बघताय. आमच्या यांनी बांबू बघून ठेवले." बांबू! सकाळपासून मी भांडी भरत होते आणि समोरच्या घरात माझ्या सासऱ्यांसाठी बांबू बघून ठेवले होते. मी पुन्हा बाहेर जाऊन त्या ढिगाकडे बघितलं. पलंग, गादी, उशी, छत्री, वहाणा. गेलेल्या माणसाच्या नावाने तेराव्याला ज्या वस्तू दान देतात, त्यातली एक विसरली नव्हती. मी त्या माझ्याच हाताने लिहून, मोजून, बाहेर मांडल्या होत्या.

"आबा, आयुष्य वाढलं हो तुमचं," काकू दारातून ओरडल्या.

"वाडलं तर ठिवायचं कुटं? पलंग बी काडला सुनंनं," आबा म्हणाले. गल्लीत हसू फुटलं. सुटका झाल्यासारखं सगळे जास्तच हसले. वन्सं हसल्या नाहीत.

मी चहा टाकला. कप भरलेल्या पोत्यातून पुन्हा काढावे लागले. बाप-लेक आतल्या रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. मी कप त्यांच्यापुढे ठेवले. आबांनी कप उचलला, चहा बशीत सांडला. वन्संनी बशी त्यांच्या हातातून घेतली, चहा परत कपात ओतला आणि कप त्यांच्या हातात दिला.

बसायला वेळ नव्हता. सोनईला सगळे दुखवट्यात होते. शेजारणींनी वन्संच्या घरच्यांसाठी पिठलं-भाकरी टाकली असणार, भावकीतले पुरुष पुढच्या गाडीने निघायच्या बेतात असणार. रविवारचं पोस्ट बंद, तार जाणार नाही. कोणी तरी जाऊन सांगणं एवढाच उपाय होता. जाऊ म्हणाली, "चल बाई, न्हाईतर ती मान्सं हितं यिऊन पुन्यांदा रडत्याल."

वन्सं उठल्या. ओट्यावर येऊन थांबल्या. आबा मागे काठी टेकत आले.

"मी आले," वन्सं म्हणाल्या. "कशी बी आले, पर आले. आता तुमी या."

"येतो."

"माज्या घरी या. माज्या लेकराचं इचारायला या. तुमी आल्याबिगर मी तुमच्या घरचा घास घेनार न्हाई. हितंबी आन् केडगावला बी."

"येतो म्हनलं की."

"कवा?"

"घर लागलं की."

त्या गेल्या. आबांनी त्याच संध्याकाळी मला सांगितलं, "हलवा सामान." त्यानंतर त्यांनी घर सोडण्याबद्दल एक शब्द काढला नाही.

सुतार अखेर दिवेलागणीला आला. म्हणजे चारलाच आला होता, गल्लीच्या तोंडाशी रडणं ऐकलं आणि हातगाडी वळवून परत गेला. पानवाल्याने त्याला धरून आणला. त्याने पलंग नेला, गादी नेली नाही.

केडगावला घर लागलं. पहिल्या महिन्यात मी आबांना विचारलं, ते म्हणाले, पाऊस पडू दे. त्या वर्षी पाऊस पडला नाही. नंतर विचारलं, ते म्हणाले, दिवाळी होऊ दे. मग एका रविवारी ते स्वतःच पहाटे उठले, अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली. मी नातवंडांसाठी खाऊ बांधून दिला. हे स्टँडवर जायला रिक्षा आणायला गेले. रिक्षा दारात येऊन उभी राहिली आणि आबा खुर्चीवरून उठले नाहीत.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"ती दाराकडं तोंड करून बसायची म्हनाली," आबा म्हणाले. "त्या दारातनं कसं जायाचं, त्ये मला कळंना."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रिक्षा परत गेली. तसं आणखी दोनदा झालं. मी रागावून बघितलं, गोडीने बघितलं. वाटेतल्या घोडेगावपर्यंत जाऊ, तिथे चहा घेऊ, जमलं तर पुढे जाऊ, असंही सुचवलं. आबा ऐकून घेतात, हो म्हणतात.

वन्सं आता येतात. वर्षातून दोनदा, कधी तीनदा येतात. बापाच्या शेजारी बसतात, त्यांची नखं काढतात, उसाच्या आणि पाण्याच्या गोष्टी सांगतात. पाणी पितात, चहा घेतात. जेवणाची वेळ झाली की पिशवी उचलतात. मी पानं मांडलेली असतात. पाट मांडलेला असतो. त्या पाटाकडे बघतात, आबांकडे बघतात, आणि स्टँडवर जायला निघतात. आबा ताटावर बसतात, पण त्या दिवशी त्यांना अर्धी भाकरीसुद्धा जात नाही.

परवा त्या येऊन गेल्या. रात्री मी नवं पान घेतलं आणि जुन्या यादीतून जे राहिलं होतं ते उतरवून काढलं. टाकीचा पत्रा, रेशन कार्डावरचा पत्ता, मागच्या दाराची कडी. सगळ्यांच्या वर, दर वेळी लिहिते तसं लिहिलं: आबांना सोनईला नेणे. आबांची नजर आता कमी झाली आहे, त्या दारातून त्यांना हाताला धरून न्यावं लागेल. येत्या रविवारी मी स्वतः त्यांच्याबरोबर जाणार आहे, असं त्यांना सांगितलं आहे. ते हो म्हणाले आहेत.